एक बंदा पुरत नाही

'सिर्फ एक बंदा काफी है' हा चित्रपट मे 2023 मध्ये झी फाइव्हवर आला. ज्यांनी पाहिला त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: मनोज बाजपेयीने काय काम केलंय! केलंच आहे. स्कूटरवरून कोर्टात जाणारा, घरी आई आणि लहान मुलगा असलेला जोधपूरचा वकील पी. सी. सोळंकी त्याने असा उभा केलाय, की बाहेरून आलेल्या नामांकित वकिलांसमोर त्याची उडालेली तारांबळ आणि त्यांच्याविषयीचं कौतुक एकाच चेहऱ्यावर वाचता येतं. साक्षीदार मारले जाऊ लागतात तेव्हा हा माणूस घाबरतो, आणि घाबरलेला दिसतो. हिंदी चित्रपटाचा नायक असं सहसा करत नाही. बाबाने अत्याचार केलेल्या नू या मुलीची भूमिका करणारी अद्रिजा सिन्हा, दिग्दर्शक अपूर्व सिंह कार्की यांनाही पैकीच्या पैकी मार्क द्यायला माझी हरकत नाही.

माझं भांडण नावाशी आहे. ज्या खटल्यावरून हा चित्रपट बेतलाय तो एका बंद्याने जिंकलेला नाही. चित्रपटाचं नाव आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं कोणी म्हणेल. पण आपण मनावर घेतलेलं आहेच. गावात, शाळेत, मठात, कारखान्यात असं काही घडलं की आपलं पहिलं वाक्य असतं, 'एखादा खमक्या वकील मिळाला पाहिजे.' तो मिळाला नाही की आपणच हळूच सुचवतो, जाऊ दे, मिटवून टाका. खमक्या माणसाची वाट बघणं हा आपल्याकडे काही न करण्याचा एक सभ्य मार्ग आहे.

चित्रपटात बाबाला नाव नाही, आणि ते का नाही हे प्रत्येकाला कळतं. 15 ऑगस्ट 2013 च्या रात्री जोधपूरजवळच्या मणाई इथल्या आश्रमात सोळा वर्षांच्या मुलीवर आसारामने लैंगिक अत्याचार केला. मुलगी उत्तर प्रदेशातली, शिकायला मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या गुरुकुलात. आईवडील स्वतः भक्त. गुरुकुलातून निरोप आला की मुलीला भूतबाधा झाली आहे, उपाय बापूच करतील. पुढच्या काही दिवसांत हे कुटुंब दिल्लीत गेलं आणि कमला मार्केट पोलीस ठाण्यात तक्रार दिली. 25 एप्रिल 2018 ला निकाल लागला: मरेपर्यंत जन्मठेप. निकालपत्र 453 पानांचं. दोन सहआरोपींना वीस वीस वर्षं, दोघे निर्दोष. हे शेवटचे दोघे मी मुद्दाम सांगतोय, कारण कोर्टाने लोकक्षोभाला घाबरून सरसकट सगळ्यांना अडकवलं असा प्रचार आजही चालतो.

हा माणूस किती मोठा होता हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 2013 च्या मार्चमध्ये मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना नागपुरात त्याच्या होळीसाठी टँकरचं पाणी उडवलं गेलं आणि त्यावरून महाराष्ट्रभर ओरड झाली होती. त्याच्या दोन महिने आधी, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराबद्दल बोलताना, टाळी एका हाताने वाजत नाही असं प्रवचन याच बापूने दिलं होतं. दोन्ही वेळा चार दिवस गदारोळ झाला आणि पुढचा सत्संग ठरल्याप्रमाणे भरला. ऑगस्टच्या ज्या आठवड्यात दिल्लीत तक्रार नोंदली गेली त्याच आठवड्यात, 20 तारखेला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यामुळे महाराष्ट्राचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. नाहीतर बाबाविरुद्ध तक्रार करणाऱ्याचं काय होऊ शकतं, हा प्रश्न आपण तेव्हाच जोडून विचारला असता.

आता त्या तक्रारीच्या तारखेकडे नीट बघू, कारण माझ्या मते अर्धा खटला तिथेच आहे आणि चित्रपटाला त्यात रस असण्याचं कारण नव्हतं.

मुलगी सोळा वर्षांची होती. भारतीय दंडसंहितेत संमतीचं वय कित्येक दशकं सोळाच होतं. म्हणजे सोळा पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत बचाव पक्ष थेट संमतीच्या वाटेला लागू शकत होता. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू झाला 14 नोव्हेंबर 2012 ला, आणि त्याने अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल एका रेषेत आणलं. अठराखाली संमतीचा प्रश्नच विचारायचा नाही. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला आणि फेब्रुवारीपासून दंडसंहिताही बदलली. बलात्काराची व्याख्या रुंदावली. अशा गुन्ह्यांची तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेला पात्र ठरला. जिथे कुठे तक्रार येईल तिथे ती घ्यायची, हद्दीचा घोळ नंतर सोडवायचा, ही 'झिरो एफआयआर'ची पद्धतही तेव्हाच पोलिसांच्या अंगवळणी पडू लागली होती. म्हणून जोधपूरच्या हद्दीतला गुन्हा दिल्लीत नोंदला गेला. हेच कुटुंब ऑगस्ट 2012 मध्ये त्याच पोलीस ठाण्यात उभं असतं तर? आधी त्यांना जोधपूरचा रस्ता दाखवला गेला असता, म्हणजे आश्रमाच्या दारात परत. तिथून पुढे उलटतपासणीत मुलीने त्या खोलीत पाऊल का टाकलं, ओरडली का नाही, याची चिरफाड झाली असती. वकील तोच असता, मुलगी तीच असती, निकाल मात्र बहुधा हा नसता.

सगळा खटला वयावर येऊन ठेपला तो यामुळे. मुलगी अठराच्या वर आहे हे सिद्ध झालं तर पोक्सो गळून पडतो. चित्रपटातही हा भाग आहे, आणि चांगला रंगवलाय. पण शाळेचा दाखला कोर्टात पुढे करताना पडद्यावर जे हुशारीचं यश दिसतं त्यामागे आणखी एक कागद आहे. अल्पवयीन आरोपीचं वय कसं ठरवायचं याचा क्रम 2007 च्या नियमांत घालून दिला होता: आधी दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पहिल्या शाळेतला दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीची जन्मनोंद, आणि यातलं काहीच नसेल तर डॉक्टरी तपासणी. हाच क्रम पीडितेच्या वयालाही लावायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने जर्नेल सिंग विरुद्ध हरयाणा या निकालात सांगितलं. कधी? 2013 च्या जुलैमध्ये. मणाईची घटना घडायच्या जेमतेम सहा आठवडे आधी. तोवर हाडांच्या एक्सरेवरून वयाचा अंदाज काढायचा आणि त्यात एक-दोन वर्षं इकडे-तिकडे धरायची, या खेळात कितीतरी आरोपी सुटलेले आहेत.

शाळेत नाव घालताना हेडमास्तर किंवा बाई विचारतात, जन्मतारीख? आपल्या कितीतरी आईबापांनी तिथे 1 जून सांगून टाकलंय. आपल्या सगळ्यांच्या माहितीत दोन-चार 1 जूनवाले असतातच. आपण त्यावर हसतो. पण एखाद्या मुलीच्या बाबतीत पुढे कधी तोच रजिस्टरमधला रकाना तिच्या बाजूने उभा राहणारा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार ठरतो, कारण त्याला धमकावता येत नाही आणि विकतही घेता येत नाही.

माणसांचं तसं नसतं. जोधपूरच्या निकालाबद्दल बोलताना आपण ज्या गोष्टीपाशी सगळ्यात जास्त थांबायला हवं आणि सगळ्यात कमी थांबतो, ती साक्षीदारांची. आसाराम आणि त्याचा मुलगा नारायण साई यांच्याविरुद्धच्या खटल्यांत साक्ष देणारे बहुतेक जण पूर्वी आतलेच होते: कोणी आश्रमात वैद्य, कोणी स्वयंपाकी, कोणी सेवक. मे 2014 मध्ये राजकोटला वैद्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात ते गेले. जानेवारी 2015 मध्ये मुजफ्फरनगरला स्वयंपाक्याला मारलं. फेब्रुवारीत जोधपूरच्या कोर्टाच्या आवारात, साक्ष द्यायला आलेल्या माणसावर चाकूने वार झाले. तो वाचला आणि नोव्हेंबरमध्ये बेपत्ता झाला. मे महिन्यात पानिपतमध्ये महेंद्र चावला यांच्यावर त्यांच्या घरात शिरून गोळ्या झाडल्या, ते वाचले. जुलैमध्ये आणखी एक साक्षीदार मारला गेला.

एवढं होऊनही खटला उभा राहिला. का? माझं उत्तर वकिलावर येऊन थांबत नाही. आधीच नोंदलेले जबाब होते. मुलीचा जबाब सुरुवातीलाच न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला होता. तपास अधिकारी चंचल मिश्रा आणि त्यांच्या वरिष्ठांनी धमक्या आल्या तरी कागद ढिले सोडले नाहीत. त्यांच्या पथकाने इंदूरच्या आश्रमात जाऊन, बाहेर भक्तांची गर्दी असताना, आसारामला ताब्यात घेतलं. जामिनासाठी राम जेठमलानी आले, सुब्रमण्यम स्वामी आले, सलमान खुर्शीद आले, तरी सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकाही न्यायाधीशाने निकालापूर्वी त्याला बाहेर सोडलं नाही. जामिनासाठी बनावट कागद जोडल्याबद्दल जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर 1 लाख रुपये दंडही ठोकला. आरोपी आत होता तरी साक्षीदारांवर हल्ले झाले. तो बाहेर असता तर मुलीची साक्ष तरी पुरी झाली असती का?

महेंद्र चावला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अंगात गोळी घेतलेला माणूस साक्षीदार म्हणून संरक्षण मागत होता. त्या याचिकेवर 5 डिसेंबर 2018 ला न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि संसद कायदा करेपर्यंत तीच कायदा समजा असं सांगितलं. चित्रपटाला खरा नायक हवाच होता तर हा होता. पण त्याच्या गोष्टीत टाळ्या घेणारं भाषण नाही. तिच्यात अर्ज आहे, शपथपत्र आहे, आणि पुढच्या तारखेची वाट बघणं आहे.

कायदा, पोलीस, कोर्ट आणि साक्षीदार यांची अशी साखळी नसली की काय होतं ते आपण जळगावात पाहिलंय. 1994 मध्ये ते लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र ढवळून निघाला. फोटो दाखवून मुलींना धमकावणारी माणसं गावातली वजनदार होती. धडाडीचे पोलीस अधिकारी तिथेही होते, आणि त्यांचं नाव आजही लोक आदराने घेतात. पण चर्चेत जितक्या मुली होत्या त्याच्या मानाने तक्रार द्यायला आलेल्या फारच थोड्या, त्यातल्या काही कोर्टात फिरल्या, आणि बहुतेक आरोपी सुटले. 'फितूर' हा शब्द आपण किती सहज वापरतो. ज्या मुलीचं लग्न ठरलंय, जिच्या भावाची नोकरी त्याच पुढाऱ्याच्या संस्थेत आहे, ती जबाब फिरवते तेव्हा फितुरी नक्की कोणाची? तिला साक्षीच्या दिवशी कोर्टात आणून संध्याकाळी त्याच गल्लीत एकटं सोडणाऱ्या व्यवस्थेला कोणी फितूर म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चित्रपटाने दाखवलेल्या वकिलाकडे वळतो. खऱ्या पी. सी. सोळंकींबद्दल मला आदरच आहे. फी न घेता, वर्षानुवर्षं, मोठमोठ्या नावांसमोर हा माणूस उभा राहिला. पण कायद्याने त्यांची जागा कुठे होती ते प्रेक्षकाला कळत नाही. आपल्याकडे फौजदारी खटला सरकार चालवतं आणि साक्षीपुरावा सरकारी वकील मांडतात. पीडितेने लावलेला वकील त्यांना मदत करतो, त्यांच्या सूचनेप्रमाणे वागतो, आणि पुरावा संपल्यावर कोर्टाची परवानगी घेऊन लेखी युक्तिवाद देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका बंगालच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं की पीडितेच्या वकिलाला स्वतंत्रपणे तोंडी युक्तिवाद किंवा साक्षीदारांची उलटतपासणी करता येणार नाही. जोधपूरच्या खटल्यातही सरकारी वकील होतेच. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

हा तपशील मी किरकोळ मानत नाही. पडद्यावर वकील-नायक संपूर्ण खटला खांद्यावर घेतो. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणची एखादी आई पदरचे पैसे मोडून वकील करते आणि मग तिला कळतं की तिच्या वकिलाला कोर्टात उभं राहून बोलायलासुद्धा दुसऱ्याच्या मानेकडे बघावं लागतं. सरकारी वकिलाकडे त्या दिवशी बोर्डावर कितीतरी प्रकरणं आहेत, तिच्या मुलीची फाइल त्याने गाडीतून उतरताना पहिल्यांदा उघडलीय. त्यात तिचा दोष नाही, आणि अनेकदा त्या सरकारी वकिलाचाही नाही. मागणी करायची तर पीडितेच्या वकिलाला जास्त अधिकार द्या, आणि सरकारी वकिलाच्या टेबलावरचा ढीग कमी करा, ही करायला हवी. यावर कोणी मोर्चा काढल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेवटच्या युक्तिवादाबद्दल बोलल्याशिवाय या चित्रपटावर कोणी बोलत नाही, तेव्हा मीही बोलतो. सोळंकी रावणाची गोष्ट सांगतो. पाप, अतिपाप आणि महापाप. रावणाने सीतेला पळवताना साधूचा वेश घेतला, त्यामुळे जगाचा साधूंवरचा विश्वास उडाला, आणि या महापापाला महादेवापाशीही क्षमा नाही. बाजपेयी हे इतकं आतून बोलतो की अंगावर काटा येतो. हे भाषण न्यायाधीशासाठी नाहीच, ते बाहेरच्या भक्तांसाठी आहे. तुमचा देव वेगळा आणि हा माणूस वेगळा, हे त्यांच्याच भाषेत सांगणं मला फार शहाणपणाचं वाटतं. हमीद दलवाई काय किंवा दाभोलकर काय, श्रद्धावानांशी बोलायची भाषा कुठली, हा पेच आपल्या सुधारकांना कायमच पडलेला आहे.

तरी त्या भाषणात मला एक गोष्ट बोचते. तिथे सगळ्यात मोठं नुकसान कोणाचं झालं? साधूंच्या नावाचं. महादेवाच्या नावाचं. मुलीचं नुकसान त्यात दुसऱ्या नंबरवर जातं. समाज म्हणून आपण नेहमी हेच करतो. अत्याचार मुलीवर होतो आणि अब्रू मात्र घराण्याची जाते, शाळेची जाते, संप्रदायाची जाते. मग ती अब्रू वाचवायला सगळे धावतात आणि मुलगी उभी राहते एकटी. कायद्याने इथे चित्रपटापेक्षा बरं काम केलंय, असं मी म्हणेन. दंडसंहितेच्या कलम 376 मध्ये एक रुक्ष पोटकलम होतं: नातेवाईक, पालक, शिक्षक किंवा विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीने 'त्या स्त्रीवर' केलेला बलात्कार, शिक्षा जास्त. पोक्सोतही धार्मिक आणि शैक्षणिक संस्था चालवणाऱ्यांनी केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. मुद्दा तोच, विश्वासघाताचा. पण इथे विश्वास मुलीचा आहे, मोडलाय तिचा, आणि शिक्षा त्याबद्दल आहे.

कोणी म्हणेल, कलमं आणि परिपत्रकं दाखवून चित्रपट होत नाही. दोन तासांत प्रेक्षकाला धरून ठेवायचं तर कोणीतरी एक लागतो. शिवाय या चित्रपटामुळे जेवढ्या घरांत पोक्सो हा शब्द पोचला तेवढा तो कुठल्याही सरकारी भित्तिपत्रकाने पोचवला नसता. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य. पहिला तितकासा नाही. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ने मुंबईच्या सत्र न्यायालयातला कंटाळा, सरकारी वकीलबाईंचा घरी जाऊन स्वयंपाक, न्यायाधीशांची सुट्टी, हे सगळं दाखवून 2014 साठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. त्यात एकही बंदा पुरेसा नव्हता. मान्य, तो पाहायला थिएटरं ओसंडली नाहीत. पण नायक नसला की सिनेमाच उभा राहत नाही, हे काही खरं नाही.

शिवाय चित्रपट निकालापाशी थांबतो. निकालाचा दिवस हा या मुलीच्या गोष्टीचा फार तर मध्य म्हणता येईल. निकालसुद्धा जोधपूरच्या तुरुंगातच कोर्ट भरवून द्यावा लागला, कारण आठ महिने आधी पंचकुलात राम रहीमला दोषी ठरवल्यावर उसळलेल्या दंगलीत तीसहून जास्त माणसं मेली होती. तो राम रहीम त्यानंतर किती वेळा पॅरोल-फर्लोवर बाहेर आला याची बातमी आता आतल्या पानावर येते. आसारामला जानेवारी 2023 मध्ये गांधीनगरच्या कोर्टाने दुसऱ्या प्रकरणात, सुरतच्या एका शिष्येवरच्या बलात्काराबद्दल, आणखी एक जन्मठेप दिली. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला उपचारासाठी पॅरोल मिळाला आणि पोलीस बंदोबस्तात आपल्या खोपोलीला आणलं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कारणासाठी अंतरिम जामीन दिला आणि पुढे तो वाढत गेला.

आजारी म्हाताऱ्या कैद्याला उपचार मिळावेत, याबद्दल माझं दुमत नाही. माणुसकी निवडून-निवडून वापरायची नसते. पण प्रत्येक वेळी असा आदेश निघतो तेव्हा त्या मुलीच्या घरी कोणी आधी कळवतं का, तिच्या दारातला बंदोबस्त त्या दिवशी वाढतो का, हे आदेशाइतक्याच ठळकपणे विचारलं गेलं पाहिजे. सोळा वर्षांची मुलगी आता तिशीकडे चाललीय. निकाल लागल्यावरही तिचं आयुष्य दुसऱ्याच्या पॅरोलच्या तारखांना बांधलेलं असेल, तर शिक्षा नेमकी कोण भोगतंय?

महाराष्ट्रानेच या देशाला एक धडा फार आधी दिलेला आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र सरकार' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. तिने ओरड केली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असं ते तर्कशास्त्र. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, मुंबई-पुणे-नागपूरच्या बायका रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम, बंद दाराआड सुनावणी, पीडितेचं नाव छापायला मनाई. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. जोधपूरच्या मुलीला मिळाला, त्याचा पाया तिच्या हरलेल्या खटल्यात आहे. एका खटल्यात हरलेली बाई, चार प्राध्यापक, रस्त्यावरच्या बायका, एक समिती, एक गोळी खाल्लेला साक्षीदार. यातला बंदा कुठला निवडायचा?

म्हणून 'सोळंकीसारखा वकील कुठे मिळेल' असं कोणी विचारलं तर मी दोन कोरड्या गोष्टी सांगतो. पोक्सोच्या कलम 40 खाली मुलाच्या कुटुंबाला स्वतःच्या पसंतीचा वकील देण्याचा अधिकार आहे, आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा असतो. त्याचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, बहुतेकांना ते माहीत नसतं. दुसरी गोष्ट साक्षीदाराची. महाराष्ट्राने 2017 मध्ये साक्षीदार संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाची योजना त्यानंतर आली, आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने प्रत्येक राज्याला अशी योजना काढायला बांधलंय. 2018 च्या योजनेप्रमाणे अर्ज जातो जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, पोलीस प्रमुख तिचे सदस्य असतात, आणि धोका किती आहे याचा अहवाल पोलीस उपअधीक्षकाने कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायचा असतो. अर्ज साक्ष द्यायच्या आदल्या दिवशी नाही, तक्रार नोंदली त्याच आठवड्यात टाकायचा. तुमच्या जिल्ह्यात गेल्या वर्षी असे किती अर्ज आले आणि त्यातले किती मंजूर झाले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं.